‘ऑफ सीझनलाच जा’ हा सल्ला सरसकट देऊ नका

थीम पार्कला वर्षाच्या कोणत्या दिवसांत जावं, असं कुणी विचारलं की एक उत्तर हमखास येतं. ते इतक्या वेळा फॉरवर्ड झालंय की लोक आता त्याला नियमच मानतात. उत्तर साधारण असं असतं: ‘सुट्ट्यांत जाणं म्हणजे पैसे आणि दिवस दोन्ही वाया घालवणं. शाळा सुरू असताना, आठवड्याच्या मधल्या वारी, थंडी-पावसाचे दिवस बघून जा. गर्दी नसते म्हणून रांगा नसतात, तिकीट स्वस्त पडतं आणि पार्क तर तोच असतो.’

यातला प्रत्येक दावा तपासून बघायला हवा. याच्या भरवशावर लोक मुलांची शाळा बुडवतात, जपून ठेवलेली रजा खर्च करतात, आणि ज्या राइडसाठी मूल महिनाभर नाचत होतं तिच्या बंद फाटकापुढे त्याची समजूत काढत बसतात.

‘गर्दी नसते म्हणून रांगा नसतात.’ रांगेत किती वेळ जाणार हे दोन गोष्टींवर ठरतं: तुमच्या पुढे माणसं किती, आणि ती राइड तासाला किती माणसांना फिरवून आणते. सल्ला देणारे पहिलीच गोष्ट मोजतात. दुसरी पार्कच्या हातात असते, आणि गर्दी कमी असली की बरेच पार्क ती कमी करतात. गाड्या कमी सोडायच्या, कर्मचारी कमी लावायचे.

आकड्यांत बघा. एका रोलर कोस्टरच्या गाडीत २४ जण बसतात असं धरू. भर हंगामात तीन गाड्या फिरतायत आणि दर दीड मिनिटाला एक सुटतेय, म्हणजे तासाला ९६० माणसं. रांगेत ७२० जण असतील तर तुमचा नंबर पाऊण तासात लागतो. आता मंदीचा दिवस घ्या. रांगेत निम्मीच माणसं आहेत, ३६०. पण गाडी एकच, आणि ती चार मिनिटांनी सुटते, म्हणजे तासाला ३६० माणसं. तुम्ही पूर्ण तासभर उभे. माणसं निम्मी, आणि थांबणं उलट वाढलेलं.

एकच गाडी चालू असलेल्या स्टेशनात हे डोळ्यांनी दिसतं. गाडी येते, लोक उतरतात, नवे बसतात, कर्मचारी एकेक दांडा ओढून बघतात, अंगठा वर होतो, गाडी निघते. आणि मग काहीच होत नाही. फाटकाशी पुढची माणसं तयार, कर्मचारीही तयार, पण बसवायला गाडीच नाही. ती तिकडे साखळीवर कडकड करत चढावर चाललीय. ती फिरून येईपर्यंत अख्खी रांग जागच्या जागी. तीन गाड्या असतात तेव्हा एक चढत असते, एक धावत असते, एक भरत असते, त्यामुळे ही पोकळी जवळपास राहतच नाही.

सगळ्याच राइडना हे लागू नाही, हेही सांगायला हवं. डिस्नेच्या हाँटेड मॅन्शनसारख्या राइडमध्ये बैठकांची अखंड माळ न थांबता फिरत असते. तिथे गाड्या कमी-जास्त करायचा प्रश्नच येत नाही, आणि गर्दी घटली की रांग खरोखर घटते. पण लोक सहसा ज्या राइडसाठी एवढं लांब जातात, त्या पहिल्या प्रकारातल्या असतात.

‘पार्क तोच असतो.’ या वाक्याला माझा सगळ्यात जास्त आक्षेप आहे, कारण सगळ्यात जास्त हिरमोड यानेच होतो. तो पार्क तोच नसतो.

मोठ्या राइडची देखभाल मुद्दाम मंदीच्या दिवसांत ठेवतात. कोस्टरच्या गाड्या सुट्या करून चाकं आणि आस तपासतात, डोळ्यांना न दिसणारी बारीक चीर शोधायला ध्वनिलहरींची आणि चुंबकीय चाचणी करतात. हे काम व्हायलाच हवं, त्यावरच तर आपण निर्धास्त बसतो. पण त्यासाठी राइड काही आठवडे, कधी काही महिने बंद राहते. कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’सारखी राइड नाताळची सजावट उतरवायलाही बंद ठेवतात, आणि ते काम नेमकं जानेवारीत येतं, जेव्हा ‘आता मोकळं असतं’ म्हणून लोक जातात. पाण्याच्या राइड थंडीत बंद ठेवायची पद्धत तर अनेक ठिकाणी आहे. कडाक्याच्या थंडीत कोस्टरही अडतात: वंगण घट्ट होतं, चाकं जड फिरतात, गाडीचा वेग पडतो, आणि ती पुढचा चढ न ओलांडता मधल्या खळग्यात अडकायची भीती असते. म्हणून पारा फार उतरला की अशा राइड सोडतच नाहीत.

काही ठिकाणी तर सल्ल्यातला ‘गर्दी नसलेला काळ’ म्हणजे चक्क कुलूप. अमेरिकेत ओहायोमधलं सीडर पॉइंट १८७० पासूनचं, कोस्टरवेड्यांची पंढरीच म्हणावं असं. ते मे महिन्यात उघडतं आणि हिवाळाभर बंद असतं. जर्मनीतला युरोपा-पार्क जानेवारीत बंद होतो, तो पुढचे बरेच आठवडे. कोपनहेगनचं तिवोली १८४३ पासून आहे, पण तेही ठरावीक हंगामांतच उघडतं.

आणि वेळ. भर हंगामात पार्क सकाळी ९ पासून रात्री ११ पर्यंत चालू असेल, तर मंदीत तोच १० ते ६ असू शकतो. चौदा तासांचे आठ तास झाले. रात्रीचा खेळ, परेड, आतषबाजी यातलं काही ना काही गळतं. फ्लोरिडातल्या डिस्नेच्या मॅजिक किंगडम पार्कमध्ये हॅलोवीन आणि नाताळच्या वेगळ्या तिकिटाच्या पार्ट्या असतात, त्या दिवशी साध्या तिकिटावर आलेल्यांना संध्याकाळीच बाहेर पडावं लागतं. दिवसा तिथे गर्दी खरंच कमी असते. ज्यांना रात्रीच्या आतषबाजीशी देणंघेणं नाही, त्यांच्यासाठी हा दिवस फार चांगला. ज्यांचं मूल त्या आतषबाजीसाठीच आलंय, त्यांनी तो टाळावा.

‘शाळा सुरू असताना कुणी नसतं.’ कुणाच्या शाळा? पार्क ज्या देशात आहे तिथलं कॅलेंडर चालतं, आपलं नाही. जपानमध्ये एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीला ‘गोल्डन वीक’ नावाचा सुट्ट्यांचा आठवडा असतो. चीनमध्ये १ ऑक्टोबरपासून राष्ट्रीय दिनाची सुट्टी, आणि जानेवारी-फेब्रुवारीत चांद्र नववर्षाची, जिची तारीख दरवर्षी हलते. ईस्टरही हलतो, आणि त्याच्यासोबत युरोप-अमेरिकेतल्या वसंत ऋतूतल्या सुट्ट्या. नोव्हेंबरच्या सुरुवातीला न्यू जर्सीतल्या शिक्षकांचं अधिवेशन असतं, तिथल्या शाळा बंद असतात आणि ती कुटुंबं फ्लोरिडात, डिस्ने वर्ल्डजवळच्या ऑरलँडोला उतरतात. जाणकार त्या आठवड्याला ‘जर्सी वीक’ म्हणूनच ओळखतात. ब्राझीलच्या शाळांना जुलैत आणि जानेवारीत सुट्टी असते, तेव्हा तिथले मोठमोठे गट फ्लोरिडात असतात. जानेवारीतच डिस्ने वर्ल्डची मॅरेथॉन होते, तिच्यासाठीही गर्दी येते.

मधल्या वाराचंही तसंच आहे. शनिवारपेक्षा मंगळवार बहुतेक वेळा बरा, हे खरं. पण शाळांच्या सहली मधल्या वारीच येतात. आणि उत्तरेकडचे काही पार्क सप्टेंबरनंतर फक्त शनिवार-रविवारकडे उघडतात, तिथे मधला वार उरतच नाही. वर हॅलोवीनची हौस असल्यामुळे ऑक्टोबरमधले शनिवार वर्षातल्या सगळ्यात गर्दीच्या दिवसांत मोडतात.

शाळा बुडवण्याबद्दल एक. काही देशांत ही नुसती घरातली बाब नाही. इंग्लंडमधल्या एका वडिलांनी २०१५ साली मुलीला शाळा सुरू असताना फ्लोरिडाला डिस्ने वर्ल्डला नेलं. १२० पौंड दंड झाला, तो भरायला त्यांनी नकार दिला, प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि एप्रिल २०१७ मध्ये निकाल त्यांच्या विरोधात लागला.

‘तिकीट स्वस्त पडतं.’ हे बऱ्याच पार्कांत खरं आहे. डिस्नेने २०१६ पासून अमेरिकेतल्या एका दिवसाच्या तिकिटांचे दर मागणीनुसार वेगळे केले, आणि विमान-हॉटेलांचे दर तर आधीपासूनच तसे आहेत. ज्यांचा हात आखडता आहे त्यांना हा फरक मोठा वाटणारच. फक्त भागाकार करून बघा: तिकीट पाचव्या हिश्शाने स्वस्त आणि पार्क निम्मा वेळ चालू, तर स्वस्त काय पडलं?

‘पावसाचे दिवस बघून जा.’ रिमझिम असेल तर मीही हेच सांगेन. रेनकोट घाला आणि खुशाल जा, लोक आपणहून पांगतात. विजांचा पाऊस वेगळा. आसपास वीज दिसली की उघड्यावरच्या राइड थांबवतात, कडकडाट थांबल्यावरही काही वेळ जाऊ देतात, आणि तोवर सगळी माणसं छपराखालच्या राइडकडे वळून तिथल्या रांगा फुगलेल्या असतात. फ्लोरिडात उन्हाळ्यातल्या दुपारी हे नेहमीचं आहे. वाराही उंच राइड थांबवतो. सप्टेंबरमध्ये ऑरलँडो रिकामं असतं हे अगदी बरोबर, पण त्याचं एक कारण म्हणजे अटलांटिकमधल्या चक्रीवादळांचा जोर तेव्हाच सगळ्यात जास्त असतो. इर्मामुळे १० आणि ११ सप्टेंबर २०१७ ला, आणि इयनमुळे २८ आणि २९ सप्टेंबर २०२२ ला डिस्ने वर्ल्ड बंद होतं. दोन-तीन दिवसांसाठीच येणाऱ्याची सगळी सहल त्यात जाऊ शकते.

मग जावं कधी? माझं मत विचाराल तर हंगामाच्या काठावर. पार्क पूर्ण चालू आहे, पण सुट्ट्या अजून लागायच्यात किंवा नुकत्याच संपल्यात, असे आठवडे. फ्लोरिडासाठी ईस्टरची गर्दी ओसरल्यानंतरचा एप्रिलअखेर ते मे महिन्याचा पूर्वार्ध. युरोपातल्या पार्कांसाठी तिथल्या शाळा सुटण्याआधीचा जून, किंवा त्या पुन्हा भरल्यावरचा सप्टेंबर. आणि मूल १२० सेंटिमीटरचं असेल नि त्याच्या आवडत्या कोस्टरची उंचीची अट १२२ ची असेल, तर गर्दीचा हिशोब राहू द्या, काही महिने थांबा.

ज्यांना सुट्टीशिवाय जाताच येत नाही, त्यांना मूर्खात काढणं मला पटत नाही. शिक्षक, दहावी-बारावीतली मुलं, दोघंही नोकरी करणारे आईवडील, यांनी काय करावं? त्यांनी जरूर जावं. २५ डिसेंबर ते १ जानेवारी हा आठवडा शक्य असेल तर सोडावा. बाकी दिवशी पार्क उघडायच्या अर्धा-पाऊण तास आधी फाटकाशी असावं. सगळ्यात मोठ्या रांगेची राइड पहिल्या तासात उरकून घ्यावी, दुपारी ऊन आणि गर्दी दोन्ही चढलेली असताना छपराखालचे खेळ बघावेत किंवा खोलीवर जाऊन मुलांना झोपवावं, आणि संध्याकाळी परत यावं. पार्क रात्री ११ पर्यंत चालू असतो तो याच दिवसांत.

तारीख पक्की करण्याआधी, मग ती कुठल्याही महिन्यातली असो, पार्कच्या अधिकृत वेबसाइटवर त्या दिवशीची वेळ आणि बंद राइडची यादी बघून घ्या. मुलाला यादीतली राइड हवी असेल, तर तिच्याशिवाय चालेल का, हे विमानाचं तिकीट काढण्याआधी त्याला विचारा.