आठ टक्क्यांचा पाडवा

गुढीपाडव्याच्या आगेमागे आमच्या भागात दोघांचे पगार ठरतात. एक सालगड्याचा, दुसरा नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या कंपनीत जाणाऱ्या पोट्ट्याचा. सालगड्याचं काम ओट्यावर उरकतं. रोख किती, ज्वारी-गहू किती, उचल किती, पोळ्याला कपडे कसे, एवढंच बोलायचं असतं. कास्तकार दोनदा "परवडत नाही जी" म्हणतो, गडी एकदा उठून चपला घालतो, आणि दुसरी चप्पल पायात जायच्या आत आकडा ठरतो. गावात आणखी चार जण गडी शोधत फिरत आहेत, हे दोघांनाही ठाऊक असतं.

कंपनीतलं सालही एप्रिलपासूनच धरतात. पण पगारवाढीचा फॉर्म मार्चमध्ये, साहेबासोबत बैठक मेमध्ये, लेटर जुलैमध्ये आणि थकबाकी ऑगस्टच्या पगारात. मधेच राजीनामा टाकला तर बहुतेक ठिकाणी थकबाकीवर पाणी सोडायचं, कारण नोटीसवर असलेल्याला वाढ नाही असं बारीक अक्षरात कुठंतरी लिहिलेलं असतं. ऑक्टोबरनंतर लागलेल्याच्या नशिबी यंदा बहुधा वाढच नसते. त्यानं फॉर्म भरायचा तो नुसती सवय व्हावी म्हणून.

फॉर्ममध्ये स्वतःला पाचपैकी गुण द्यायचे असतात. पाच दिले तर माजोरडा, तीन दिले तर "तुझंच मत आहे" म्हणून तेच कायम. म्हणून सगळे चार देतात. मेंटेनन्सवाल्याची अडचण तर वेगळीच. वर्षभर कन्व्हेअरच्या बेअरिंगला वेळेवर ग्रीस घातलं, बेल्टचा ताण पाहिला, म्हणून काही बंद पडलं नाही; आणि काही बंद पडलं नाही म्हणून फॉर्मात लिहायला काही नाही. ज्याच्या लाइनवर बेअरिंग जाम होऊन रात्री दोन वाजता धूर निघाला आणि ज्यानं पहाटेपर्यंत ते बदललं, त्याचा मात्र साहेबांच्या केबिनमध्ये सत्कार होतो. ग्रीस न घालण्याचे हे फायदे कोणत्याही ट्रेनिंगमध्ये सांगत नाहीत.

गंमत अशी की हे गुण यायच्या आधीच पैशाचं पाकीट बंद झालेलं असतं. समजा एका खात्यात पाच जण, प्रत्येकी 32,000 रुपये, आणि वरून मंजूर झाले आठ टक्के. म्हणजे पाचांना मिळून महिन्याला 12,800 रुपये. एकाला खूश करायला पंधरा टक्के दिले की 4,800 गेले. उरलेल्या 8,000 मध्ये चौघं, म्हणजे सव्वासहा टक्के. साहेब वाईट नसतो, त्याला भागाकार येत असतो एवढंच. मग खात्यातल्या खात्यात पाळी लागते. यंदा याचं लग्न आहे, याला पाच गुण दे. तू पुढच्या वर्षी.

कामाच्या गुणांवरून माणसांचे वरचे 20, मधले 70 आणि बाहेर काढायचे खालचे 10 टक्के, ही वाटणी अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या जॅक वेल्च यांनी गाजवली. तसल्याच क्रमवारीला मायक्रोसॉफ्टनं 2013 मध्ये रामराम ठोकला. आमच्याकडं ती अजून मुक्कामाला आहे, आणि पाच माणसांच्या खात्यात दहा टक्के म्हणजे अर्धा माणूस कसा काढायचा यावर बैठका होतात.

लेटर आलं की टपरीवर चौकशी सुरू होते.

"किती भेटले बे?"

"आठ."

"हजार?"

"टक्के, काका."

काका चहा खाली ठेवतात.

आता हे आठ टक्के सोलून पाहू. 32,000 चे आठ टक्के 2,560. पण हा आकडा सीटीसीवरचा, म्हणजे कंपनीच्या तुमच्यावरच्या एकूण खर्चावरचा. त्यात बेसिक (मूळ पगार) निम्मं धरलं तर बेसिक वाढलं 1,280 नं. पूर्ण बेसिकवर पीएफ कापणारी कंपनी असेल तर त्यावर 12 टक्के तुमचे आणि 12 टक्के कंपनीचे, मिळून 307 रुपये पीएफला. कंपनीचा हिस्सासुद्धा तुमच्याच सीटीसीतून, हे पहिल्या पगाराच्या दिवशी कळतं. ग्रॅच्युइटीचे, म्हणजे नोकरी सोडताना मिळायच्या रकमेचे, बेसिकवर 4.81 टक्के, म्हणजे 62 रुपये. दहा टक्के व्हेरिएबल, म्हणजे कामगिरी पाहून मिळणारा हिस्सा, असेल तर 256 वर्षअखेरीपर्यंत हवेत. हातात पडले 1,935. पीएफ निदान आपलाच राहतो. ग्रॅच्युइटीला पर्मनंट माणसानं सलग पाच वर्षं काढावी लागतात. जिथं माणूस तिसऱ्या वर्षी पळतो तिथं ती सीटीसीत दरवर्षी दिसते आणि खिशात कधीच येत नाही.

खरा चटका कमी पगारवाल्याला. ईएसआयची, म्हणजे सरकारी कामगार विम्याची, पगारमर्यादा 2017 पासून महिना 21,000 रुपये. 20,600 वाल्याला पाच टक्के वाढ मिळाली की तो 21,630 वर जातो. चालू सहामाही संपेपर्यंत, म्हणजे सप्टेंबर किंवा मार्चअखेर, कपात चालते; कार्ड त्यानंतर आणखी काही महिने चालतं, मग बंद. कपातीचे 0.75 टक्के, म्हणजे दीडशेक रुपये वाचतात आणि बायको-पोरांचा दवाखाना जातो. वाढलेल्या 1,030 मधून आता घरच्यांचा विमा काढायचा. अशा वेळी "साहेब, वाढ थोडी कमी द्या" म्हणणारे लोक आहेत, आणि ते अजिबात येडे नाहीत.

मग पोट्टे जातात. कारण कंपनीला दोन खिसे असतात. जुन्या माणसाची वाढ एका खिशातून, त्यात आठ टक्केच. नव्याची भरती दुसऱ्या खिशातून, आणि तिथं बाजारभाव चालतो. त्यामुळे 34,560 वाला जुना गडी 45,000 च्या नव्या गड्याला पॅनेलमधला कोणता ब्रेकर कशाचा हे शिकवत बसतो. सहा महिन्यांत नवा शिकतो, आणि जुन्यालाही एक गोष्ट शिकवून जातो. पगाराची स्लिप दाखवून.

राजीनामा टाकला की पहिला खिसा अचानक फाटतो. जुलैत नसलेले वीस टक्के सप्टेंबरात दुपारच्या जेवणाआधी मंजूर होतात. माझं मत विचाराल तर हे घेऊन थांबू नये. पुढच्या पाडव्याला "तुला तर मागेच दिले" हे ठरलेलं.

किती जण सोडून गेले याचा एचआरलाही हिशेब द्यावा लागतो. वर्षात गेलेले भागिले सरासरी हजेरीपट. 400 जणांत 60 गेले तर पंधरा टक्के. मग ठेकेदाराची माणसं वगळा, ट्रेनी वगळा, "आम्हीच काढले" ते वगळा, आणि पंधराचे नऊ होतात. जाणाऱ्याच्या मुलाखतीत कारण विचारतात. तिथं कोणी पगार लिहीत नाही, रिलीव्हिंग लेटर अडायचं भेव असतं. सगळे "घरची शेती पाहायला माणूस नाही" लिहितात. त्या कागदांवर विश्वास ठेवला तर सगळं बुटीबोरी तुरीच्या सोंगणीला गेलं असं वाटेल.

जाणाऱ्यानं पीएफ काढून गाडी घेऊ नये, नव्या खात्यात वळता करावा. पीएफच्या पेन्शनला दहा वर्षांची नोकरी लागते आणि वळता केला की जुनी वर्षं धरली जातात. त्यासाठी जुन्या कंपनीनं नोकरी सोडल्याची तारीख टाकायला हवी. ती त्यांना महिनोन् महिने आठवत नाही. शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने थांबा, आधारला जोडलेला मोबाइल हाताशी ठेवा आणि पीएफच्या साइटवर ती तारीख स्वतःच टाका. साहेबाच्या सहीशिवाय होणारं त्या नोकरीतलं ते एकमेव काम.