हरिथ नोआ डाकार जिंकला का? थोडा खुलासा

आमच्या घोडबंदर रोडच्या रायडिंग ग्रुपवर परत तोच फॉरवर्ड फिरतोय, 'केरळच्या हरिथ नोआने 2024 ची डाकार रॅली जिंकली, पहिला भारतीय विजेता'. मंडळी, अर्धंच खरं आहे हे. (डाकार म्हणजे वाळवंटातून कित्येक दिवस चालणारी बाइक-गाड्यांची रेस.) हरिथ जिंकला तो रॅली 2 हा क्लास, म्हणजे टॉपच्या रॅली जीपी क्लासच्या खालचा गट, आणि बाइक्सच्या ओव्हरऑलमध्ये तो अकरावा आला. ओव्हरऑल जिंकला अमेरिकेचा रिकी ब्रेबेक, होंडावर.

गोंधळ होतो कारण रिझल्ट बघताना क्लासचा फिल्टर लावलेला असला की हरिथचं नाव सगळ्यात वर दिसतं, कोणीतरी तेवढाच स्क्रीनशॉट काढतो आणि तो ठाण्यापासून पनवेलपर्यंत पोचतो. फिल्टर काढा, मग रॅली जीपीवाले म्हणजे टॉपचे फॅक्टरी रायडर वर येतात. आणि स्टेज (रेसचा एकेक टप्पा) संपल्या संपल्या लगेच पोस्ट टाकू नका राव, वेपॉइंट (रस्त्यातला ठरलेला पॉइंट, जिथून जावंच लागतं) चुकला, स्पीड लिमिट मोडली तर नंतर पेनल्टी लागते आणि नंबर खालीवर होतात.

पण मला खरंच वाटतं अकरावा नंबर काही कमी नाहीये, 2015 मध्ये सी. एस. संतोष डाकार पूर्ण करणारा पहिला भारतीय झाला तेव्हा तो 36वा होता, तिथून आपण कुठे आलो बघा! आणि त्याच 2024 ला हिरोची बाइक ओव्हरऑल दुसरी आली, रायडर बोट्स्वानाचा रॉस ब्रांच, भारतीय कंपनी पहिल्यांदाच पोडियमवर, म्हणजे पहिल्या तिघांत. ते फॉरवर्ड करा ना.