पाच रुपयांच्या तिकिटाचा चुकीचा हिशेब

गावोगावच्या ग्रुपवर सध्या एक मजकूर फिरतोय. मुंबईकर पाच रुपयांत दहा किलोमीटर जातो, विदर्भातल्या माणसाकडून एसटी तेवढ्यालाच वीस रुपये घेते, म्हणजे आपल्याला लुटून मुंबई पोसतात. मी यवतमाळ जिल्ह्यातला, एसटीनंच हिंडणारा. विदर्भावर अन्याय होतो हे मलाही मान्य आहे, पण हा हिशेब खोटा आहे.

ते पाच रुपये लोकलचे आहेत. लोकल म्हणजे रेल्वे, आणि एका खेपेत ती हजारो माणसं नेते. आपली बस चाळीस-पंचेचाळीस. रेल्वेशी रेल्वेच लावायची तर आपल्याकडच्या पॅसेंजरचं किमान तिकीट 10 रुपये आहे. बसशी बस लावा. मे 2025 पासून बेस्टचं किमान भाडं 10 रुपये, तेही पाच किलोमीटरपर्यंत. एसटीच्या साध्या गाडीचा सहा किलोमीटरचा टप्पा जानेवारी 2025 च्या वाढीनंतर 10 रुपये 5 पैसे. मग लूट कुठली? आणि हा टप्पा पालघरच्या पाड्यावर तोच, आमच्या घाटंजीला तोच, गडचिरोलीच्या एटापल्लीलाही तोच.

सवलतींचा तर त्या मजकुरात पत्ताच नाही. मार्च 2023 पासून बायांना अर्धं तिकीट आहे, पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना त्याच्याही आधीपासून प्रवास फुकट. बाजाराच्या दिवशी गाडीत पूर्ण तिकिटाची माणसं मोजून पाहा.

आता जे खरंच दुखतं ते. मुंबईत एक लोकल चुकली तर काही मिनिटांत दुसरी येते. आडवळणाच्या गावात सकाळची फेरी गेली की दुपारपर्यंत फाट्यावर बसा, नाहीतर काळीपिवळीत कोंबून घ्या. तिथं ना अर्धं तिकीट, ना पास. बारावीपर्यंतच्या पोरींना एसटीचा पास मोफत आहे. पण शाळेच्या वेळेला गाडीच नसेल तर तो पास दप्तरातच राहतो, आणि बाप म्हणतो, राहू दे आता शाळा. मूर्तिजापूर-यवतमाळ शकुंतला रेल्वे होती, तीही बंद पडली. हे नुकसान तिकिटाच्या आकड्यात कुठं दिसणार? आपण भाड्यावरून भांडत बसलो तर वरचे लोक टप्प्याचा दर दाखवून दोन मिनिटांत आपल्याला गप्प करतील, आणि फेरीचा प्रश्न तसाच राहील.

म्हणून तो मजकूर पुढे पाठवू नका. त्याऐवजी आपल्या फाट्यावर पहिली गाडी किती वाजता येते, शेवटची किती वाजता जाते आणि शाळा किती वाजता सुटते, हे तीन आकडे लिहा. आगारात निवेदन द्यायला तेच लागतात.