साहेब, शिपाई आणि फुकटचा दवाखाना

ठिणगी नानाने टाकली. "सरकारी दवाखाना फुकट आहे ना? तरी गरीबच आधी का मरतो? व्यसनं, दुसरं काय! आणि खर्च आपल्या करातनं."

मास्तर असल्या वाक्याची वाटच बघत असतो. त्याने थेट लंडन गाठलं. १९६७ साली तिथे सुमारे १८,००० सरकारी नोकरांची पाहणी सुरू झाली. सगळे पुरुष, सगळे पगारदार, आणि ब्रिटनमध्ये उपचार तर १९४८ पासूनच मोफत. तरीही तळच्या श्रेणीतल्या शिपाई-दरवानांचा मृत्युदर वरच्या साहेबांच्या सुमारे तिप्पट निघाला.

"सिगारेटी ओढत असतील."

"ओढत होतेच. पण सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल सगळं हिशेबात धरूनही हृदयविकारातल्या जेमतेम एक-तृतीयांश फरकाचा उलगडा झाला. आणि मधले कारकून? ते काही उपाशी नव्हते. तरी साहेबापेक्षा लवकर गेले."

उरलेल्या फरकाचं कारण मास्तरच्या मते एकच: कामावर स्वतःचा ताबा नसणं. मला हे निम्मंच पटलं. बालपणीची कोंदट खोली, अर्धपोट दिवस, ते कुठे जातात?

इतका वेळ गप्प बसलेली सिस्टर आता उसळली. "फुकट कशाला म्हणता रे? ओपीडी सकाळची. रोजंदारीवाला आला की खाडा, मजुरी बुडाली. दोन तास रांग, वर 'रक्त तपासायला उद्या या'. उद्या तो येतच नाही, अंगावर काढतो. मग येतो तेव्हा अंगठा काळा पडलेला. मधुमेहाच्या साध्या गोळ्यांवर भागलं असतं, तिथे पाय कापायचा. आता सांग, खर्च कुठे वाढला?"

मास्तरला पुन्हा चेव आला. वेल्समधल्या खाणकामगारांचा डॉक्टर, ज्युलियन ट्यूडर हार्ट, १९७१ मध्येच म्हणाला होता की जिथे गरज जास्त तिथेच चांगली सेवा कमी, आणि बाजाराच्या हाती दिली की आणखीच कमी.

"म्हणजे अजून पैसे ओता," नाना.

"आधी ओपीडी संध्याकाळी उघडी ठेवा," सिस्टर म्हणाली.

"डॉक्टर थांबतील का संध्याकाळी?"

"स्वतःच्या क्लिनिकात थांबतातच की!"