सव्वापाचनंतरची मराठी

श्टुटगार्टला मी गाड्यांच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर तपासतो. एकेचाळिसाव्या वर्षी पहिली कथा लिहिली आणि उत्साहानं काकांना फोन केला. ते जरा थांबून म्हणाले, "नोकरी बरी चाललीये ना?"

काकांचं नवल वाटलं नाही. आपल्याकडे इंजिनिअरनं लिहायचं ते निवृत्तीनंतर. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला 'कृष्णविवर' पाठवली, तीही आद्याक्षरं उलटी करून, नारायण विनायक जगताप या नावानं. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली. त्यांना मोठं नाव लपवायचं होतं. मी टोपणनाव घेतलं ते ऑफिसातल्या मराठी मंडळींच्या भीतीनं!

लिहिण्याची लागण झाली ती जर्मनच्या वर्गात. इथे गावोगावी फोल्क्सहोखशूलं असतात, म्हणजे मोठ्यांसाठीचे स्वस्त संध्याकाळचे वर्ग. भाषा, शिवण, कथालेखन, काय हवं ते. आमच्या बाई शेजाऱ्याबद्दल अर्धं पान लिहा म्हणाल्या. खरं काही सुचेना, म्हणून त्याच्या बाल्कनीत एक बंद पेटी ठेवून दिली. बाईंनी माझी लिंगं-विभक्ती सुधारली आणि विचारलं, "मग पेटीत काय होतं?" माझं जर्मन तिथेच संपलं. उत्तर घरी येऊन मराठीत लिहिलं, रात्री दीडपर्यंत.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठी अभिजात झाली, पुढच्या वर्षी पहिलीपासूनच्या हिंदीवरून रान पेटलं, जूनअखेर शासननिर्णय मागे घेतले गेले. कॉलेजच्या ग्रुपवर मीही इथून तलवार चालवली. (सात समुद्रापलीकडून चालवायला ती हलकीच असते.) सक्तीला विरोध योग्यच होता, आजही तेच म्हणेन. पण पुण्याच्या हिंजवडी आयटी पार्कातून सुटलेला माणूस घरी किती वाजता पोचतो, हे त्या भांडणात कुणी विचारलं नाही. इथल्या कायद्यानं आजचं काम संपल्यापासून उद्याचं सुरू होईपर्यंत सलग ११ तास मोकळे लागतात. मी संध्याकाळी सव्वापाचला कामावरून उठतो, सहाला घरी. माझ्यात प्रतिभा किती ते देव जाणे, संध्याकाळ मात्र आहे. माझ्याहून सरस लिहिणारा माझा पुण्यातला जुना रूममेट वाकडच्या सिग्नलला अडकलेला असतो आणि आठला त्याचा अमेरिकेशी कॉल असतो. भाषा टिकवायची तर त्याचा तो कॉलही मराठीचाच प्रश्न समजायला हवा.

आता माझी गोची. माझी पात्रं २००९ सालच्या पुण्यात बोलतात. माझ्या कानावर मराठी पडते ती बायकोची आणि गणपतीत मंडळाची. रूममेटला कथा पाठवली, तर त्याचा कॅबमधून व्हॉइस नोट आला. मागे हॉर्नचा कल्ला. "गोष्ट झकास आहे रे, पण पान तीनवर तुझा टीम लीड 'कामाचा व्याप वाढलाय' म्हणतो ना, तसं कोण म्हणतं आता? लिही, 'बँडविड्थ नाहीये यार.' आणि थांब, पान पाचवर..."

पुढचं हॉर्नमध्ये ऐकू आलं नाही. पान पाच तसंच पडलंय.