प्रतिक्रियेला उत्तर: फोटो सहलीत पैसे नेमके कशाचे द्यायचे?

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, म्हणून दोन ओळींत न उरकता वेगळं उत्तर लिहितोय. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: सिंधुदुर्गचा किनारा आणि आंबोली अशी चार दिवसांची, सहा जणांची, मार्गदर्शकासह फोटो सहल करावी असं इथे सुचवलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं, की निवती, भोगवे, देवबाग, हिरण्यकेशी या जागा गूगल मॅपवर फुकट सापडतात. मार्गदर्शक तिथे नेऊन उभं करतो आणि सगळे एका रांगेत ट्रायपॉड लावून एकच फोटो काढतात. बारा जणांची सहल बरीच स्वस्त पडते, मग सहाचाच हट्ट का? आणि कॅमेऱ्याची सेटिंग्ज तर यूट्यूबवर आहेतच.

एकसारख्या फोटोंचा मुद्दा बराचसा पटतो, त्यावर पुढे येतो. जागांचा मुद्दा मात्र पटत नाही. निवतीचे खडक मॅपवर दिसतात, पण संध्याकाळी सहाला ते पाण्याच्या वर असतील की खाली, हे मॅप सांगत नाही. किनाऱ्यावरची सहल तारखेवर ठरते. वाईट सहली बहुतेक इथेच फसतात, कारण आयोजक सुट्ट्या आणि शनिवार-रविवार बघून तारखा लावतात.

कोकणातला जुना ठोकताळा तुम्हाला ठाऊक असेल: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. त्यात सव्वासहा तास मिळवले की ओहोटी. ठोकताळाच तो, तास-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण सहलीची तारीख पारखायला पुरेसा आहे. पौर्णिमेला ओहोटी साडेपाचच्या आसपास आणि नोव्हेंबरात सूर्यास्त सहाच्या सुमारास, म्हणजे आकाशाचे रंग झेलणारी ओली पुळण (वाळूचा किनारा) नेमकी हव्या त्या वेळी उघडी असते. अष्टमीला त्याच वेळी भरती. त्या दिवशी पुळणीचा पट्टा अरुंद होतो, पण भांगाचं, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीचं, पाणी फार चढत नसल्याने खडकांवरून फिरून ओघळणाऱ्या पाण्याचे फोटो चांगले मिळतात. दोन्ही दिवस उपयोगाचे आहेत, फक्त फोटो वेगळे. आयोजकाला विचारा, 'या तारखांना संध्याकाळी पाणी कुठे असेल?' तो गडबडला तर बाकीचं माहितीपत्रक वाचायचे कष्ट वाचले.

पक्की वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यातूनच घ्यावी, आणि वेळेबरोबर उंचीचा आकडाही वाचावा, कारण आपल्या किनाऱ्यावर दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या उतरत नाहीत. मुंबईचा तक्ता मालवणला लावू नका. उधाणाला, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीला, मुंबईत पाणी चार मीटरच्या आसपास चढतं-उतरतं, मालवणकडे साधारण दोन मीटर, आणि वेळाही जुळत नाहीत.

सुरक्षिततेचा प्रश्नही इथेच येतो. ओहोटी संपल्यावर पहिल्या तासात पाणी जागचं हललंय असं वाटतच नाही. खरा जोर तिसऱ्या-चौथ्या तासात असतो. त्यामुळे घोट्याएवढं पाणी ओलांडून पुढच्या खडकावर गेलेला माणूस अंधार पडेपर्यंत निवांत असतो, आणि परत फिरताना तीच घळ मांडीपर्यंत भरलेली असते, तीही हातात ट्रायपॉड, पायाखाली शेवाळ आणि डोक्याला टॉर्च अशा अवस्थेत. चांगला मार्गदर्शक खडकावर चढायच्या आधीच परतायची वेळ सांगतो आणि ती झाली की उरलेल्या रंगांची पर्वा न करता सगळ्यांना उठवतो. शिवाय पोहोचल्यावर लगेच ट्रायपॉड उघडू देत नाही. लाटा गटागटाने येतात, पाच-सात मिनिटं शांत आणि मग तीन-चार मोठ्या. दहा मिनिटं नुसतं उभं राहून बघितल्याशिवाय कोरडा दिसणारा खडक खरंच कोरडा आहे का ते कळत नाही. इन्कॉइसने (समुद्राचे अंदाज देणारी सरकारी संस्था) उंच लाटांचा इशारा दिला असेल तर त्या दिवशी खडकांवर जायचंच नाही, हा नियम त्याच्या तोंडून स्वतःहून आला पाहिजे.

दुसरी पारख सोपी आहे. माहितीपत्रकात 'समुद्रावरचा सूर्योदय' लिहिलेला असेल तर ते कोकणाबाहेर बसून लिहिलंय. आपल्याकडे सूर्य डोंगराच्या बाजूने येतो. सकाळी समुद्राकडे तोंड केलं की उजेड पाठीवरून पडतो, खडकांचे रंग खुलतात, पण सूर्य चौकटीत नसतो. अपवाद देवबागचा. एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कर्ली नदी अशी ती चिंचोळी पट्टी असल्याने सूर्योदय खाडीवर मिळतो आणि सूर्यास्त समुद्रावर. सकाळचा आणखी एक फायदा म्हणजे मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात, म्हणून लेन्सवर तुषार कमी येतात. दुपारनंतर खारे वारे सुटले की दर दोन-तीन फोटोंनंतर काच पुसावी लागते. पुसताना आधी गोड्या पाण्याने भिजवलेलं फडकं, मग कोरडं. थेट कोरडं फडकं फिरवलंत तर मीठ काचभर पसरतं आणि फिल्टरवर ओरखडे येतात ते वेगळेच.

आता यूट्यूबवरची सेटिंग्ज. ती बहुतेक बरोबरच असतात, घोळ ती कधी वापरायची यात होतो. बऱ्याच जणांनी व्हिडिओ बघून पहिला फिल्टर घेतलेला असतो तो १० स्टॉपचा एनडी, म्हणजे उजेड अडवणारी काळी काच (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). सूर्यास्तानंतर आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००, एफ ११ (लेन्सच्या छिद्राचा आकडा) वर शटर साधारण १/१५ सेकंद मिळतो असं धरू. १० स्टॉप चढवले की तो होतो ६५-७० सेकंद. बहुतेक कॅमेरे ३० सेकंदांच्या पुढे बल्ब मोडमध्ये (शटर हवा तेवढा वेळ उघडा ठेवायची सोय) न्यावे लागतात, त्यासाठी रिमोट हवा. त्यात लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन (लांब वेळेच्या फोटोतले ठिपके काढणारी सोय) चालू राहिलं असेल तर कॅमेरा पुन्हा तेवढाच वेळ अडकून बसतो. म्हणजे एका फोटोला सव्वादोन मिनिटं, आणि हाती येतं काय, तर दुधासारखा सपाट समुद्र. त्याच उजेडात ३ स्टॉपचा फिल्टर लावला तर शटर अर्ध्या सेकंदाला येतो, आणि परतणाऱ्या लाटेने वाळूवर ओढलेल्या पांढऱ्या रेघा त्यातच दिसतात. १/२ ते १ सेकंद हा त्या फोटोचा पट्टा. ६ स्टॉपला चार सेकंद होतात, रेघा विरघळायला लागतात. १० स्टॉपचा फिल्टर घरी राहिला तरी काही बिघडत नाही, असं माझं मत.

शटर दाबायची वेळही महत्त्वाची. लाट येताना दाबला तर समोर फेसाचा गोळा मिळतो. लाट पूर्ण वर येऊन क्षणभर थबकते आणि मागे फिरते, तिथे दाबायचा. पण नेमकं तेव्हाच परतणारं पाणी ट्रायपॉडच्या पायांखालची वाळू उकरत असतं. पाय आधीच जोर देऊन वाळूत रुतवले नसतील तर कॅमेरा केसभर खचतो आणि स्क्रीनवर ठीक वाटलेला फोटो घरी मोठा करून बघितला की हललेला निघतो. उपाय असा: पाय जास्त फाकवायचे, एक पाय समुद्राकडे ठेवायचा, आणि सगळ्यात खालचा, बारीक भाग आधी बाहेर काढायचा, म्हणजे सांध्याची लॉक पाण्या-वाळूच्या वर राहतात. रात्री ट्रायपॉड उघडून गोड्या पाण्याने धुवायचा. हे व्हिडिओतही सांगतात, पण आपला ट्रायपॉड खचतोय हे त्या क्षणी बघणारं कोणी तरी लागतं.

सहाचा हट्ट इथून येतो. सूर्यास्ताआधीची १५ आणि नंतरची २५ मिनिटं धरली तर कामाचा उजेड ४० मिनिटं. सहा जणांत प्रत्येकाच्या वाट्याला मार्गदर्शकाची साडेसहा मिनिटं येतात, बारांत जेमतेम सव्वातीन, त्यातही वाळूत इकडून तिकडे चालणं आलंच. दुपारच्या फोटो-चर्चेचंही तेच. प्रत्येकाचे पाच फोटो, एका फोटोला तीन मिनिटं: सहा जणांचा दीड तास, बारांचे तीन. तीन तास कोणी बसत नाही, म्हणून मोठ्या सहलीत ही चर्चा 'बसमध्ये बघू' वर जाते आणि होत नाही. स्वस्त सहलीत कमी मिळतं ते हे. राहणं-जेवण सगळीकडे थोड्याफार फरकाने सारखंच.

एका रांगेतले ट्रायपॉड ही तक्रार रास्त आहे, आणि दोष मार्गदर्शकाचाच असतो. 'इथे लावा, २४ मिलिमीटर, एफ ११' असं सांगणं त्याला सोपं पडतं आणि सगळ्यांना एक बरा फोटो मिळून सगळे खूश होतात. नीट करणारा आधी ट्रायपॉड बॅगेतच ठेवायला लावतो आणि नुसता कॅमेरा घेऊन १० मिनिटं फिरवतो. चौकट सापडली की तिथे ट्रायपॉड आणायचा. दोघांना ७०-२०० मिलिमीटरची लांब पल्ल्याची लेन्स देऊन लांबचे खडक किंवा माडांची रांग सुटी करायला सांगतो, बाकीचे रुंद लेन्सवर. सहल निवडताना जुन्या सहभागींचे एकाच संध्याकाळचे फोटो मागा. सहाही फोटो सारखे असतील तर नाही म्हणा. तुमच्या तक्रारीचा याहून चांगला उपयोग नाही.

आंबोलीबद्दल तुम्ही 'जंगल तर जंगल, कधीही जा' असं लिहिलंय. साधारण ७०० मीटर उंचीवरचं ते गाव, राज्यात सर्वाधिक पाऊस पडणाऱ्या जागांपैकी एक. जंगलाचा फोटो उन्हात बिघडतो, पांढरे ठिपके आणि काळे डाग. धुकं हवं, निदान ढगाळ तरी. म्हणून जोडसहलीला सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर बरा. ऐन पावसात आंबोली सुंदर असते, पण खाली समुद्र गढूळ आणि खवळलेला. डिसेंबर-जानेवारीत समुद्र शांत, पण वर धुक्याचा भरवसा नाही. नोव्हेंबरातही वर कोरडी, उन्हाची सकाळ लागू शकते, त्यासाठी पर्यायी बेत हवा.

जंगलात सगळ्यात उपयोगाची वस्तू पोलरायझर, म्हणजे लेन्सवर फिरवता येणारा फिल्टर. ओल्या पानावर आकाशाची पांढरी चकाकी असते, ती फिल्टर फिरवत फिरवत घालवली की खालचा हिरवा रंग वर येतो. एडिटिंगमध्ये हे नंतर करता येत नाही, कारण चकाकीखाली रंग नोंदलेलाच नसतो. किंमत म्हणजे दीड ते दोन स्टॉप उजेड जातो, आणि अंधाऱ्या झाडीत वाऱ्याने पानं हलतात. तिथे आयएसओ ४००-८०० पर्यंत बिनधास्त वाढवावा. धबधब्याला पाव ते अर्धा सेकंद पुरतो. शेजारची पानं हलत असतील तर त्याच चौकटीचा दुसरा फोटो १/६० ला घेऊन नंतर दोन्ही जोडायचे. धुक्यात कॅमेऱ्याचं मीटर फसतं, पांढऱ्याला राखाडी करून टाकतं, म्हणून एक्सपोजर +०.७ ते +१ स्टॉप वाढवायचं. रुंद लेन्सपेक्षा ७०-२०० जास्त कामाची, कारण चौकटीतून पांढरं आकाश कापून दोन-तीन खोडं वेगळी काढता येतात. किनाऱ्यावरच्या एसी खोलीतून कॅमेरा थेट दमट हवेत काढला की लेन्सवर दव जमतं. बॅग बंद ठेवून अर्धा तास जाऊ द्यायचा. लेन्स पुसत बसून उपयोग नसतो.

स्थानिक माणूस सोबत हवा, याचं कारण फांदी. मलबारी चापडा हा विषारी साप वाटेकडेच्या झुडपात हाताच्या उंचीवर तासन् तास न हलता बसतो, आणि ट्रायपॉड लावायला जागा करताना आपण नेमकी तीच फांदी बाजूला सारतो. आंबोलीजवळच्या हिरण्यकेशी नदीच्या उगमाच्या कुंडात पाय किंवा ट्रायपॉड घालायचा नाही. तिथे २०२० मध्ये शिस्टुरा हिरण्यकेशी ही माशाची नवी जात नोंदली गेली आणि २०२१ मध्ये राज्य सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ जाहीर केली. 'आत उतरा, अँगल चांगला मिळतो' म्हणणारा मार्गदर्शक मी तरी टाळेन.

मग स्वतःच्या जिवावर गेलं तर? ज्यांना तक्ता वाचता येतो, ट्रायपॉड अंधारात हाताळता येतो, खडकावरून वेळेत उठण्याची शिस्त आहे, त्यांनी खुशाल जावं. कुडाळ किंवा सावंतवाडीला रेल्वेने उतरून गाडी ठरवा. किनारा ते आंबोली घाटासह दोन तास धरा, आणि दोन्ही एकाच दिवशी करू नका. संध्याकाळचा उजेड गाडीत जातो.

शेवटी तुम्ही विचारलंय, मोबाइलवर भागेल का. धुक्यातल्या जंगलाला बऱ्यापैकी भागतं, एक्सपोजर हाताने थोडं वाढवा. आयफोन असेल तर वाहत्या पाण्यासाठी लाइव्ह फोटोमधला लाँग एक्सपोजर पर्याय चालतो, मात्र मोबाइल लहान ट्रायपॉडला बांधलेला हवा आणि शटर टायमरने सोडायचा. सूर्यास्तानंतरच्या २५ मिनिटांत तो कमी पडतो. बुकिंग करण्याआधी आयोजकाला मोबाइलचं सांगून ठेवा, नाहीतर चर्चेचे सगळे तास फिल्टरवरच जातील.