साध्य साधण्याची सोपी युक्ती

प्राध्यापक मंडळी, तुमचं कॉलेज दापोलीत असो नाहीतर देवगडात, कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची टीम यायच्या आत मुलं शिकली हे सिद्ध करायचंय. संलग्न कॉलेजांना सगळ्यात जड जातं ते हेच. पण घाबरू नका. यात मुलांचं काम फारसं पडत नाही.

आधी विषयाच्या साध्यांतली, म्हणजे 'शिकून मुलाला काय येईल' या वाक्यांतली, क्रियापदं बदला. शिक्षणतज्ज्ञ ब्लूमसाहेबांनी 1956 मध्ये ज्ञानाच्या सहा पायऱ्या बांधल्या, 2001 मध्ये त्यांची डागडुजी झाली. 'विद्यार्थ्याला भरती-ओहोटी समजते' ही खालची पायरी. 'विश्लेषण करतो' लिहा, लगेच वर चढाल. आता वर्गात हर्णैचा एखादा पोरगा असतोच. उधाण कुठल्या तिथीला, भांगाची (लहान) भरती कधी, वारा फिरला तर होडी कुठे लावायची, सगळं तोंडपाठ. त्याला मध्ये आणू नका, त्याच्यासाठी रकाना नाही. शिवाय पहाटे बंदरावर जात असल्यामुळे हजेरी 75 टक्क्यांच्या खाली. 'स्लो लर्नर'च्या यादीत नाव घाला. ती यादीही भरलेली दिसायला हवी ना.

मग सीओ-पीओ मॅपिंग, म्हणजे विषयाची साध्यं पदवीच्या साध्यांशी जुळवायचा तक्ता. प्रत्येक चौकटीत 1, 2 किंवा 3: कमी, मध्यम, जास्त जुळणी. सगळीकडे 3 ठोकलेत तर संशय येतो. मधूनमधून 2 पेरा, नजर लागू नये म्हणून एखादा 1. खरी मेख पुढेच आहे: लक्ष्य तुम्हीच ठरवायचं असतं! 60 टक्के मुलांना निम्मे गुण, असं ठरवलंत आणि फसलं, तर पुढल्या वर्षी 50 टक्के मुलांना 40 टक्के गुण ठरवा. झालं साध्य. कृती-अहवालात याला 'सातत्यपूर्ण सुधारणा' म्हणतात.

वर्गात शिकवायच्या विषयाच्या एका क्रेडिटला 15 तास. गणपतीत वर्गात पालीशिवाय कुणी नसतं, पण तास भरतात. रजिस्टरात.

समाधान सर्वेक्षण मुलांनी मोबाइलवर भरायचं असतं आणि रेंज फक्त वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर. तेव्हा सगळ्यांना सड्यावर न्या, मागे उभे राहून 'अगदी मनापासून भरा हां' म्हणा. तिथेच ठिकाणाची नोंद असलेला जिओटॅग फोटो काढा, 'क्षेत्रभेट' म्हणून दुसऱ्या फायलीत लागेल.

एवढं करून टीमपैकी कुणी विचारलंच, 'मुलं नेमकं काय शिकली?', तर कपाटाकडे बोट दाखवा. चावी क्लार्ककडे असते, आणि क्लार्क काजूचे बोंडू गोळा करायला गेलेत.